थोरल्याचा मार्च

दर शनिवारी दुपारची जेवणं आटोपली की माझी मावशी खुर्चीत ताठ बसते, डोळे मिटते आणि अडतीस माणसांना मनातल्या मनात एकेका मशीनशेजारी निजवते. समोर काका कागद धरून बसलेले असतात. ते मशीनचा आकडा, वार आणि पाळी एवढंच वाचतात. तिथे कोण, ते मावशीने सांगायचं.

"एक नंबर, सोमवार, पहिली?"

"टपालवाले."

"दुसरी?"

"फुलवाल्या आजी. आणि अहो, जरा मोठ्याने वाचा, झोपेत बोलल्यासारखं नको."

उत्तर कागदाशी जुळलं की काका पेन्सिलीने एक टिंब देतात. चाळीस जागांची चाळीस टिंबं पडल्याशिवाय तो कागद घराबाहेर जात नाही. या प्रकाराला त्या घरात हजेरी म्हणतात.

हा कागद म्हणजे एका डायलिसिस केंद्राचा पुढच्या आठवड्याचा तक्ता. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसांना आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, रक्त धुऊन घेण्यासाठी मशीनला जोडून राहावं लागतं. निम्मी माणसं सोमवारच्या गटात, निम्मी मंगळवारच्या. मशीनं दहा, दिवसाच्या पाळ्या दोन. ज्यांच्या रक्तात संसर्गाची कावीळ सापडते त्यांच्यासाठी आतल्या खोलीत नऊ आणि दहा अशी दोन मशीनं वेगळी ठेवलेली आहेत. बाहेरचा माणूस आत गेला किंवा आतला बाहेर आला, तर त्याच्यामागून त्या मशीनवर येणाऱ्याच्या रक्ताशी खेळ होतो. त्यामुळे भिंतीवर लावलेला कागद हा तिथे शेवटचा शब्द असतो.

मावशीने त्या केंद्रात सव्वीस वर्षं परिचारिका म्हणून काढली, त्यांतली शेवटची दहा मुख्य परिचारिका म्हणून. निवृत्तीनंतर तिच्या जागी आलेल्या बाईंच्या पहिल्याच तक्त्यात दोन माणसं एकाच वेळी एकाच मशीनवर आली, आणि डॉक्टरांनी मावशीला फोन केला, "सिस्टर, तेवढं घरून बघाल का?" तेवढं घरून बघण्याला आता नऊ वर्षं झाली आहेत. घरात पेशंटचं नाव काढायचं नाही हा तिचा दंडक, म्हणून प्रत्येकाला त्याच्या धंद्यावरून किंवा सवयीवरून हाक; कागदावरही तीच, आणि केंद्रातही तीच रूढ. टपालवाले, ड्रायव्हर, शिंपीणबाई, मास्तर. काकांनी त्यांतल्या एकालाही पाहिलेलं नाही, तरी कोणाची पाळी बदलली की ते जेवताना चौकशी करतात.

मी जुन्या नोंदींचा अभ्यास करते. एखाद्या संस्थेचं काम संस्थेबाहेर, कोणाच्या तरी घरात, वर्षानुवर्षं कसं सांभाळलं जातं हा माझा विषय. नऊ वर्षांचे सगळे तक्ते मावशीकडे आहेत असं कळल्यावर मी आठवड्याभरासाठी तिच्याकडे राहायला गेले. पुढे जे घडलं त्याला माझा हा अभ्यास बऱ्याच अंशी कारण झाला, म्हणून हे आधी सांगून ठेवते.

तिच्या घरात दोन संगणक आहेत. मागच्या खोलीतला जुना, आवाज करणारा तो थोरला; पुढच्या खोलीतला पातळ, नवा तो धाकटा. तक्ता लावण्याचा प्रोग्रॅम फक्त थोरल्यावर चालतो. इंटरनेट आणि छपाईचं यंत्र फक्त धाकट्याला. थोरल्याच्या पुढच्या बाजूची पेन ड्राइव्ह लावायची तोंडं कधीच निकामी झालेली, मागची दोन कीबोर्ड आणि माउसने अडवलेली. तेव्हा थोरल्यावर तक्ता तयार झाला की 'चालू तक्ता' नावाची एक छापायची प्रत निघायची. ती घरातल्या घरात, व्हरांड्यातल्या चपलांच्या कपाटामागच्या राउटरमधून धाकट्याने उचलायची, आधीची त्याच नावाची प्रत पुसून तिच्या जागी ठेवायची, छापायची आणि हजेरी झाली की केंद्राला मेल करायची. नऊ वर्षं हे सुरळीत चालू होतं.

मी बुधवारी थोरल्यावरची तक्त्यांची थप्पी उघडली. चारशे त्रेसष्ट फायली, सगळ्यांवर एकाच वर्षाच्या, एकाच मार्च महिन्यातल्या तारखा. माझ्या वहीत मी लिहिलं: 'सर्व फायली एखाद्या जुन्या डिस्कवरून त्या महिन्यात एकगठ्ठा उतरवून घेतलेल्या असाव्यात, तारखा निर्मितीच्या नसून प्रतीच्या.' मोठ्या समाधानाने त्याखाली रेघ मारली. मावशी चार पावलांवर भाजी निवडत होती. तिला विचारावं असं मला वाटलं नाही.

गुरुवारी मी आणखी दोन गोष्टी केल्या. थोरल्यावरचा फोल्डर सगळ्यांसाठी सताड उघडा होता; शेजारचा कोणीही वायफाय जोडून पेशंटची यादी वाचू शकला असता. मी त्याला पासवर्ड लावला. आणि दोन्ही संगणकांवरचे फोल्डर जुळते राहावेत म्हणून धाकट्यावर एक छोटा प्रोग्रॅम बसवला. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असेल तर जी नव्या तारखेची, ती दोन्हीकडे जाते. जुनी पुसली जाते.

"हे काय नवीन?" मावशीने विचारलं.

"सुरक्षितता," मी म्हणाले.

"नऊ वर्षं काय आम्ही दार उघडं टाकून झोपत होतो का गं?"

"हो मावशी, अगदी तेच करत होतात."

काका खूश झाले. "सापडली बघ तुला कोणीतरी चुका काढणारी. मला एवढी वर्षं जमलं नाही."

मावशी त्यांच्याकडे दुर्लक्ष करून थोरल्याकडे गेली. त्या दिवशी तिच्या मनावर वेगळंच ओझं होतं. सकाळी डॉक्टरांनी तिला फोनवर दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, मास्तर आदल्या दिवशी गेले. दुसरी, ड्रायव्हरच्या रक्तात कावीळ सापडली. त्याला चार नंबरवरून आतल्या खोलीत नऊवर घ्यायचं, चार नंबर निर्जंतुक करून घेतलं आहे. दुसऱ्या गोष्टीने ती हादरली होती, कारण सोमवारी चार नंबरवर ड्रायव्हरच्या लगेच मागून शिंपीणबाई येतात. त्यांना त्यांचा भाऊ मूत्रपिंड देणार होता. शस्त्रक्रियेला सात आठवडे उरले होते. आत्ता संसर्ग झाला असता तर ती शस्त्रक्रियाच बारगळली असती. शिंपीणबाईंचा त्या आठवड्याचा अहवाल स्वच्छ आला आहे हे मावशीने डॉक्टरांकडून तीनदा वदवून घेतलं, मग थोरल्यापुढे बसून ड्रायव्हरला नऊवर हलवलं, आणि मास्तरांची जागा रिकामी केली.

शनिवारी पावणेदोन वाजता तिने थोरल्यावर चालू तक्त्याची नवी प्रत काढली. धाकट्यासमोर मी होते. फोल्डर उघडायला गेले, पासवर्ड मागितला, दिला. नाकारला. पुन्हा दिला. पुन्हा नाकारला.

"तुझाच पासवर्ड, तूच विसरलीस?" काका म्हणाले.

"विसरले नाही. वहीत लिहिलाय."

केंद्राचा टेक्निशियन शनिवारी पाचला निघतो. त्याआधी तक्ता पाहून प्रत्येकाचं रक्त गाळायचं वेगळं फिल्टर त्याच्या मशीनखालच्या कप्प्यात लावून ठेवणं हे त्याचं काम. रविवारी केंद्र बंद, आणि सोमवारी सकाळी सहाला पहिली पाळी सुरू. एरवी तीनपर्यंत त्याच्या हातात कागद पडलेला असतो.

मी पद्धतशीर सुरुवात केली. पहिली केबल. काकांना व्हरांड्यात राउटरपाशी उभं केलं आणि दिवे सांगायला लावले.

"हिरवा. हिरवा. लुकलुकतोय. आता... नाही, हिरवाच."

"पिवळा झाला की सांगा."

"पिवळा झाला की काय होतं?"

"सांगा फक्त."

"अगं पण घाबरायचं की नाही ते तरी कळू दे."

केबल ठीक होती. धाकट्यावरून थोरल्याला त्याच्या पत्त्यावर हाक मारून पाहिली; त्याने ओ दिली. म्हणजे वाट मोकळी होती, दार तेवढं बंद होतं. धाकटा घरच्या नेटवर्कला सार्वजनिक समजतोय की खाजगी, ते पाहिलं. खाजगी. संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, क्षणभर उतरवून पाहिली, पुन्हा चढवली. दोन्ही संगणक बंद करून सुरू केले. थोरला सुरू व्हायला सहा मिनिटं घेतो. ती सहा मिनिटं मावशी त्याच्या पाठीशी उभी राहून त्याच्या डब्यावर हात ठेवून होती, ताप पाहिल्यासारखी.

अडीच वाजता टेक्निशियनचा पहिला फोन आला. पावणेतीनला दुसरा.

"मी पडद्यावरचं वाचून दाखवते, तू हाताने लिही," मावशी म्हणाली. "चाळीस ओळी तर आहेत. पूर्वी चौकटीच्या कागदावर हातानेच करत होते की."

"हाताने उतरवताना चुका होतात, मावशी. दहा मिनिटं दे."

हे वाक्य मी उच्चारलं, आणि ते इथे जसंच्या तसं नोंदवते.

तीन वाजून पाच मिनिटांनी मला धाकट्याच्या नोंदींमध्ये खरं कारण सापडलं. एक कोरडी ओळ: दोन्ही यंत्रांच्या दिनांक व वेळेत फरक असल्याने ओळख पटवता आली नाही. दार सताड उघडं होतं तोवर कोणी घड्याळ पाहत नव्हतं. कुलूप लागल्यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या वेळा ताडून पाहायला सुरुवात केली होती. मी मागच्या खोलीत धावले. थोरल्याच्या कोपऱ्यात तारीख होती चौदा मार्च, वर्ष नऊ वर्षांपूर्वीचं.

जुन्या संगणकांत घड्याळ चालवणारी एक बारकी बॅटरी असते. ती मेली की घड्याळ मागे पडतं. हे मला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे दुसरं काही असू शकेल हे मनात आलंच नाही. मावशी पुढच्या खोलीत फोनवर टेक्निशियनची समजूत घालत होती. मी तारीख दुरुस्त केली. वेळही सेकंदापर्यंत जुळवली.

पुढच्या खोलीत आले तर फोल्डर उघडला होता. जुळवणीचा प्रोग्रॅम आपणहून सुरू झाला होता आणि त्याने काम आटोपून खाली लिहिलं होतं: चारशे चौसष्ट फायली तपासल्या, एक बदलली.

"आला!" काका ओरडले. "अगं आला गं!"

छपाईचं यंत्र घरघरलं. कागद बाहेर पडला. काकांनी तो हातात घेतला आणि मेल उघडून माझ्याकडे पाहिलं. "हजेरी व्हायची आहे अजून."

तीन वीस झाले होते. "पाठवा," मी म्हणाले. "तक्ता तिनेच केलाय, यंत्राने आणलाय. मधे चूक शिरायला जागाच नाही. हजेरी नंतर घेऊ."

नऊ वर्षांत प्रथमच कागद टिंबांशिवाय घराबाहेर गेला.

मावशी फोन ठेवून आली, पदराने कपाळ टिपलं आणि सवयीने खुर्चीत बसली. "चला, घ्या हजेरी."

काका वाचू लागले. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. टिंब, टिंब, टिंब. पहिल्यांदाच त्या दुपारी माझा श्वास मोकळा झाला होता.

"चार नंबर, सोमवार, पहिली?"

"रिकामी."

काका थांबले. चष्मा वर सरकवला. "रिकामी नाही. ड्रायव्हर."

मावशीने डोळे उघडले. तिने हात पुढे केला, कागद घेतला आणि नजर थेट नऊ नंबरवर नेली. तिथे जागा कोरी होती. मग सहा नंबर. तिथे मास्तर होते.

"हा गेल्या आठवड्याचा तक्ता आहे," ती म्हणाली. "काय केलंस गं तू?"

मी धाकट्याकडे पाहिलं. 'एक बदलली.' कोणती बदलली हे मी पाहिलंच नव्हतं. धाकट्यावरची गेल्या शनिवारची प्रत गेल्या शनिवारच्या खऱ्या तारखेची होती. थोरल्यावरची दीड तासापूर्वीची प्रत नऊ वर्षांपूर्वीच्या मार्चची. प्रोग्रॅमने नवी ठेवली होती आणि जुनी दोन्हीकडून पुसली होती, मी सांगितलं होतं तसंच. पुसलेली प्रत कचऱ्याच्या टोपलीत असेल म्हणून शोधली. टोपली रिकामी होती.

"पाठवलास का हा?"

काकांचा चेहरा उतरला. "पाठवला."

मावशीने केंद्राला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. ती उभी होती आणि फोनच्या वायरीला बोटाभोवती इतकं घट्ट गुंडाळत होती की बोटाचं टोक पांढरं पडलं. चौथ्यांदा टेक्निशियनने उचलला. तो धापा टाकत होता.

"सिस्टर, मिळाला हो. भिंतीवर लावलाही. फिल्टरं लावतोय."

"काढ तो."

"अं?"

"भिंतीवरून काढ आणि फाडून टाक. मी फोनवर आहे, मला फाडल्याचा आवाज ऐकू दे."

फाडल्याचा आवाज मलाही ऐकू आला. टेक्निशियन दोन दिवस रजेवर होता. ड्रायव्हरचं त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याने ड्रायव्हरचं फिल्टर चार नंबरच्या कप्प्यात ठेवलं होतं, त्याच्या शेजारी शिंपीणबाईंचं.

"ते आधी आत नेऊन ठेव. हातमोजे घालून. दुसरा कागद येतोय."

"पाचला निघायचंय मला, सिस्टर. आई एकटी आहे घरी."

"पाचच्या आत देते."

फोन ठेवून ती मागच्या खोलीत गेली. मी तिच्यामागे. थोरल्याच्या कोपऱ्यातली आजची तारीख पाहून ती दारातच थांबली, चौकटीला धरून.

"तारीख कोणी बदलली?"

"मी. बॅटरी गेली असेल असं..."

"बॅटरी गेली नव्हती. मी ठेवली होती ती तारीख."

ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला त्याने मार्चच्या सुरुवातीला एका महिन्याची मुदत घालून दिला होता, एकतीस मार्चपर्यंतची. महिना संपायच्या आत येऊन वाढवून देतो म्हणाला, परदेशी गेला, पुन्हा सापडला नाही. जाण्यापूर्वी एवढं सांगून गेला होता की खरी तारीख याला कळू देऊ नका, एकदा मुदत उलटलेली दिसली की हा पुन्हा उघडणार नाही. म्हणून मावशीने एकतीस मार्च कधी उजाडूच दिला नाही. महिनाअखेर आली की ती थोरल्याला पुन्हा एक मार्चवर नेऊन बसवायची. इंटरनेट त्याला कधीच दिलं नाही, कारण ते लागलं की तारीख आपोआप सुधारते. बाहेर नऊ वर्षं गेली. थोरल्याच्या खोलीत एकच मार्च शंभराहून अधिक वेळा आला.

तिने प्रोग्रॅम उघडला. 'मुदत संपली आहे.' तारीख मागे नेली, पुन्हा उघडला. 'तारखेत फेरफार आढळला. प्रोग्रॅम बंद करण्यात आला आहे.' तिने तीनदा उघडला. तीनदा तीच ओळ. चार वाजायला सात मिनिटं होती.

मला वाटलं ती आता रागावेल, आणि तिने रागवावं अशी माझी इच्छा होती. ती पुढच्या खोलीत आली, खुर्चीत ताठ बसली आणि डोळे मिटले.

"अहो, कोरा कागद घ्या. तू आकडे वाच गं. मी सांगते."

मी वाचू लागले, ती सांगू लागली, काका लिहू लागले. एक नंबर, दोन नंबर. कुठेही अडखळ नव्हती. चार नंबर सोमवार पहिली रिकामी, दुसरी शिंपीणबाई. नऊ नंबर सोमवार पहिली ड्रायव्हर. सव्वाचारला चाळीस जागा भरल्या.

"पाठवा," काका म्हणाले.

"थांबा," मी म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारी मला थांबा म्हणण्याचा कोणता अधिकार उरला होता, ठाऊक नाही. पण अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या आठवणीवर, ती कितीही थोर असली तरी, एकही पुरावा नसताना मी सही करू शकत नव्हते. प्रोग्रॅम मेला होता. त्याने साठवलेली माहिती मेली नव्हती. ती फाइल मी साध्या लिखाणाच्या खिडकीत उघडली. अक्षरांचा नुसता चिखल होता, पण आकडे शाबूत होते: मशीन, गट, पाळी आणि पेशंटचा नोंदणी क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा ते मावशीच्या लाल वहीत होतं.

"चिकित्सकबाई, माझ्यावर विश्वास नाही?" ती म्हणाली. आवाजात चेष्टा थोडी होती, पण थोडीच.

"माझ्यावरही नाही. म्हणून तर."

मी पडद्यावरचा क्रमांक वाचायचा, काकांनी लाल वहीत माणूस शोधायचा, मावशीने कागदाशी ताडायचं. टिंब. टिंब. टिंब. चार नंबर जुळला. नऊ जुळला. काकांची टिंबं घाईने रेघांसारखी लांबट पडत होती. मंगळवारच्या गटात आलो.

"सहा नंबर, मंगळवार, दुसरी," मी वाचलं. "इथे शून्य आहे. रिकामी."

मावशी कागदाकडे पाहत राहिली. काकांनी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. तिथे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: मास्तर.

तिनेच सांगितलं होतं. डोळे मिटून, न अडखळता, तिने गेलेल्या माणसाला त्याच्या पलंगावर निजवलं होतं, आणि आम्हा तिघांपैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"गुरुवारी मीच काढलं होतं त्यांना," ती हळू म्हणाली. "माझ्या हाताने."

"अगं, होतं असं," काका म्हणाले.

"होत नाही असं. माझ्याकडून होत नाही." मग ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेली भीती होती. "बाकीचे? बाकीचे सदतीस बरोबर कशावरून?"

"अजून आठ जागा तपासायच्यात. तपासते."

"पहिल्यापासून. मघाचे जुळलेलेही पुन्हा घे."

आम्ही पहिल्यापासून घेतलं. चाळीस जागा, सदतीस माणसं, तीन रिकाम्या. दुसरी चूक निघाली नाही, पण ती दहा मिनिटं माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत लांब मिनिटांपैकी असावीत. मी धाकट्यावर तक्ता हाताने टाइप केला, काकांनी छापला, आणि नव्या कागदावरून मावशीने डोळे उघडे ठेवून हजेरी घेतली. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी मेल गेला. टेक्निशियनने फोनवर प्रत्येक ओळ वाचून दाखवली. मावशी प्रत्येक ओळीला "बरोबर" म्हणत होती. शेवटी तो म्हणाला, "सिस्टर, मंगळवारी सहा रिकामीच ना? मास्तरांची?"

"रिकामीच."

"बरं. मला वाटलं, तुम्ही लिहायचं विसरलात."

फोन ठेवून तिने छापलेला कागद घेतला, खाली तिच्या सहीची जागा असते तिथे सही केली, आणि शेजारी पट्टी ठेवून दुसरी रेघ आखली. पेन माझ्यापुढे धरलं.

"ताडून पाहणाऱ्याची. यापुढे दोन सह्या. एकीवर भागत नाही."

तिने त्याच संध्याकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली, तिची स्वतःची आधी. दोन महिन्यांत तक्ता केंद्रातल्या संगणकावर गेला. शनिवारी मावशी तिकडे जाते आणि तिथली परिचारिका हजेरी घेते. मावशी डोळे मिटते, पण मांडीवर लाल वही उघडी असते. शिंपीणबाईंची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. त्यांच्या जागी चार नंबरवर कोण येतं ते काकांनी अजून मला सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. तो दंडक आता मलाही लागू आहे.

माझ्या वहीतली 'एकगठ्ठा उतरवून घेतलेल्या असाव्यात' ही ओळ मी खोडली. फाडली नाही; खोडून तिच्याखाली दिनांक घातला आणि लिहिलं: 'तारखा हेतुपुरस्सर. कारण विचारल्यावर समजले.' थोरला मागच्या खोलीत अजून आहे. गेल्या खेपेला गेले तेव्हा मी त्याच्या कोपऱ्यात पाहिलं. तारीख आजची होती. मावशीने ती मार्चमधून पुन्हा खऱ्या दिवसावर आणून तशीच राहू दिली होती.